प्रकाशाने निरपेक्ष गती कळते का? एका प्रकल्पाच्या नोंदी

२५ नोव्हेंबर २०२४, नाशिक

पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थ्यांनी यंदाच्या प्रकल्पासाठी निवडलेला प्रश्न असा आहे: बंद खोलीत बसून, बाहेरचे काहीही न पाहता, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने ती खोली अवकाशातून किती वेगाने चालली आहे हे सांगता येईल का? गॅलिलिओने १६३२ मध्ये जहाजाच्या बंद तळघराचा दाखला देऊन दाखवून दिले होते की पडणारे थेंब, उडणाऱ्या माश्या, फेकलेला चेंडू यांपैकी कशावरूनही जहाजाची एकसमान गती ओळखता येत नाही. प्रकाशाच्या बाबतीत मात्र एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांना निराळी आशा वाटत होती. प्रकाश ही तरंगगती आहे, तरंगाला माध्यम लागते, ते माध्यम म्हणजे विश्वभर पसरलेला आणि स्वतः स्थिर असलेला ईथर, आणि म्हणून ईथरच्या सापेक्ष वेग कळला की निरपेक्ष वेग कळला, अशी ती विचारसरणी होती. या विचारात गैर काहीच नव्हते आणि तो आज खोटा ठरला आहे म्हणून त्याची टिंगल करू नये, हे मी दोघांनाही पहिल्याच दिवशी सांगितले. ज्यांनी तो तपासून पाहिला त्यांचा ईथरवर विश्वास होता, आणि म्हणूनच त्यांनी इतक्या कसोशीने मोजमापे केली.

प्रश्नाची मर्यादाही आजच लिहून ठेवतो. खिडकी उघडून ताऱ्यांकडे पाहिले तर ताऱ्यांच्या सापेक्ष वेग कळणारच. तो आपला विषय नाही. आपला विषय बंद खोलीचा आहे.

२९ नोव्हेंबर

जुन्या प्रयोगांचे वाचन चालू आहे. ब्रॅडलीने १७२८ मध्ये ताऱ्यांचे ॲबरेशन, म्हणजे पृथ्वीच्या गतीमुळे तारे थोडे सरकलेले दिसणे, जाहीर केले. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आहे, दोहोंचे गुणोत्तर दहा हजारांत एक, आणि म्हणून दुर्बीण साधारण २०.५ विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) कलती धरावी लागते. विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग इथेच वेग सापडला की! आणखी काय हवं?” प्रश्न अगदी रास्त आहे. पण ब्रॅडलीला तो कल दिसला तो सहा महिन्यांनी पृथ्वीच्या वेगाची दिशा उलटते आणि त्याबरोबर कलही उलटतो म्हणून. समजा पृथ्वी कायम एकाच दिशेने एकाच वेगाने चालली असती, तर सगळे तारे कायमचे थोडे सरकलेले दिसले असते, आणि त्यांची ‘खरी’ जागा ठाऊक नसल्यामुळे कोणालाही काहीच कळले नसते. ॲबरेशनमधून हाती येतो तो वेगातील फरक, आणि तोही बाहेरच्या ताऱ्याकडे पाहिल्यावर.

त्यानंतर आरागोने १८१० मध्ये दुर्बिणीपुढे लोलक धरून पाहिले. पृथ्वी ताऱ्याकडे जात असताना आणि त्याच्यापासून दूर जात असताना वक्रीभवन वेगळे यायला हवे होते. ते आले नाही. फ्रेनेलने १८१८ मध्ये त्याचे उत्तर दिले: पारदर्शक पदार्थ ईथरला अंशतः आपल्याबरोबर ओढतो, आणि हा अंश नेमका इतका असतो की पहिल्या कोटीचे, म्हणजे दहा हजारांत एक या मापाचे, सर्व परिणाम एकमेकांना छेद देऊन नाहीसे होतात. फिझोने १८५१ मध्ये वाहत्या पाण्यातून प्रकाश सोडून हा अंश मोजला आणि तो बरोबर निघाला. एअरीने १८७१ मध्ये ग्रिनिचला दुर्बिणीच्या नळीत पाणी भरले, तरी ॲबरेशन तेवढेच राहिले. निसर्ग उत्तर देण्याचे टाळतो आहे असे त्या काळच्या माणसांना वाटले असल्यास नवल नाही.

४ डिसेंबर

आज आकडेमोडीचा दिवस होता, आणि प्रकल्पाची दिशा आजच ठरली.

मॅक्सवेलने मृत्यूपूर्वी काही महिने, १८७९ मध्ये, अमेरिकेच्या पंचांग कचेरीतील डेव्हिड टॉड यांना पत्र लिहून गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणवेळांबद्दल विचारणा केली होती. त्यात त्याने असे म्हटले होते की पृथ्वीवरील प्रयोगात प्रकाश जाऊन परत येत असल्यामुळे वेगाचा परिणाम गुणोत्तराच्या वर्गाइतका, म्हणजे दहा कोटींत एक, उरतो, आणि तो मोजण्यापलीकडे आहे. मायकेलसनने हे पत्र वाचले आणि ‘मोजण्यापलीकडे’ हे मान्य केले नाही. चांदीचा अर्धवट मुलामा दिलेल्या आरशाने प्रकाशाचे दोन भाग करायचे, ते काटकोनातील दोन भुजांवरून पाठवून परत आणायचे आणि एकमेकांवर पाडायचे. ईथरमधून जाताना गतीच्या दिशेतील भुजेला आडव्या भुजेपेक्षा किंचित जास्त वेळ लागेल, आणि उपकरण ९० अंशांनी फिरवले की भुजांची अदलाबदल होऊन व्यतिकरणाचे पट्टे, म्हणजे दोन प्रकाशतरंग एकमेकांवर पडून उमटणारे उजेड-अंधाराचे पट्टे, सरकतील, अशी ती युक्ती होती. हे सरकणे म्हणजे भुजेच्या लांबीची दुप्पट, भागिले तरंगलांबी, गुणिले वेगांच्या गुणोत्तराचा वर्ग.

आमच्या विभागात हेलियम-निऑन लेसर आहे, त्याची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. भुजा अर्ध्या मीटरची धरली तर ३० किलोमीटर वेगासाठी पट्टे ०.०१६ पट्ट्याइतकेच सरकतील. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हे दिसणार नाही. विद्यार्थी हिरमुसले. मग मी त्यांना दुसरा वेग घालून पाहायला सांगितले. वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या, म्हणजे विश्वाच्या आरंभकाळापासून अवकाशभर उरलेल्या प्रारणाच्या, मोजमापांनुसार सूर्यमाला त्या प्रारणाच्या सापेक्ष सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने चालली आहे. ईथरला जर कोठे ‘स्थिर’ म्हणायचे असेल तर या प्रारणाच्या संदर्भचौकटीइतका योग्य उमेदवार दुसरा नाही. हा वेग घातला की उत्तर येते २.४ पट्टे. म्हणजे डोळ्यांसमोरून दोन अख्खे पट्टे निघून जायला हवेत, आणि त्यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही.

तेव्हा मायकेलसनचा प्रयोग जसाच्या तसा करण्याचा विचार सोडून दिला आहे. आकाशाकडे पाहून जो वेग ठामपणे कळला आहे, तोच वेग बंद खोलीतील प्रकाशाला सांगता येतो का, एवढेच आम्ही तपासणार.

९ डिसेंबर

शिळा आली. मायकेलसन आणि मॉर्ली यांनी १८८७ मध्ये क्लीव्हलंडला दीड मीटर चौरस आणि सुमारे ३० सेंटिमीटर जाडीचा दगड पाऱ्यावर तरंगता ठेवला होता. पाऱ्याची वाफ विषारी असल्यामुळे तो मार्ग आम्ही विचारातही घेतला नाही. आमचा दगड एक मीटर चौरस, दहा सेंटिमीटर जाड, इथलाच काळा बेसॉल्ट. वजन तीनशे किलोच्या आसपास. पाथरवटबुवांनी वरची बाजू टाकीने टिचून मग घासून दिली. ते पृष्ठभागावर ओल्या गेरूने माखलेली लोखंडी पट्टी फिरवायचे, गेरू जिथे लागेल तो उंचवटा हलक्या हाताने उतरवायचे आणि पुन्हा पट्टी फिरवायचे. “सर, ह्यो दगड तापायला येळ लावतो आन् निवायलाबी,” असे ते म्हणाले. आमच्या प्रयोगाला नेमका हाच गुण हवा आहे.

शिळेखाली मोठे चकतीचे बेअरिंग, त्याखाली हवा कमी भरलेली ट्रकची ट्यूब आणि त्याखाली वाळूचा थर, अशी रचना केली आहे.

१७ डिसेंबर

बीम स्प्लिटर (प्रकाश दुभागणारा आरसा) आणि दोन्ही आरसे बसवले. लेसर, त्याची बारा व्होल्टची बॅटरी आणि कॅमेरा शिळेवरच ठेवले आहेत, म्हणजे फिरताना वायर ओढली जाणार नाही. संध्याकाळी पडद्यावर पट्टे उमटले. शिळेच्या कडेला बोटाने दाबले तरी पट्टे सरकतात; एका भुजेखाली नुसता तळहात धरला, स्पर्श न करता, तर चार-पाच सेकंदांत पट्टे त्या बाजूने वाकू लागतात आणि हात काढल्यावरही काही वेळ परत येत नाहीत. विद्यार्थ्याने हे पुन्हा पुन्हा करून पाहिले आणि मी त्याला थांबवले नाही. हे उपकरण काय काय ऐकते हे आधी हाताला कळले पाहिजे.

२० डिसेंबर

तळहाताच्या त्या खेळाचे गणित मांडले. हवेचा वक्रीभवनांक तापमानाच्या एका अंशाला दहा लाखांत सुमारे एक इतका बदलतो. आमच्या भुजेत प्रकाश जाऊन येऊन एक मीटर चालतो, तेव्हा दोन भुजांच्या हवेत एका अंशाचा फरक पडला तर दीड पट्टा सरकेल, आणि अंशाच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तर ०.०१५. म्हणजे पृथ्वीच्या ३० किलोमीटर वेगाचा अपेक्षित परिणाम आणि हवेतील अंशाच्या शंभराव्या भागाचा फरक हे एकाच मापाचे आहेत. दगडाचे प्रसरण तर याहून वाईट: भुजेखालचा दगड अंशाच्या शंभराव्या भागाने तापला तर पट्ट्याच्या दहाव्या हिश्श्याइतका फरक पडतो. दगड सावकाश तापतो हीच त्यातली जमेची बाजू.

भुजांवर थर्मोकोलचे झाकण केले. लेसरची नळी शिळेच्या कोपऱ्यात वेगळ्या पेटीत ठेवली. शिळा हाताने फिरवायची नाही, कारण जवळ उभ्या माणसाची ऊब पोचते. जुन्या गाडीच्या वायपरची मोटर आणि रबरी रूळ लावून एक फेरा सहा मिनिटांत होईल असे केले आहे. क्लीव्हलंडच्या फेऱ्यालाही साधारण एवढाच वेळ लागत असे.

३ जानेवारी २०२५

दिवसा काम होत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरील अवजड वाहतूक इथपर्यंत जाणवते आणि पट्टे थरथरतात. मायकेलसनचा पहिला प्रयोग १८८१ मध्ये बर्लिनच्या रहदारीमुळेच पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलवावा लागला होता, आणि तिथेही शंभर मीटरवर कोणी पाय आपटला तर पट्टे दिसेनासे होत. आम्हीही रात्रीच बसणार.

११ जानेवारी

निरीक्षणे कशी वाचायची ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे आकडे हाती आल्यावर मन आपल्या सोयीचा अर्थ लावणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, ईथरमधील गतीचा परिणाम एका फेऱ्यात दोनदा यायला हवा, कारण भुजा १८० अंशांनी फिरली तरी ती त्याच रेषेत असते. फेऱ्यात एकदाच येणारे चढउतार बेअरिंगचा कल किंवा खोलीची एक बाजू गरम असणे यांतून येतात. ते वेगळे काढायचे. दगड निवत असल्यामुळे होणारे सावकाश सरकणे फेऱ्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या नोंदीतील फरक समप्रमाणात वाटून वजा करायचे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ३७० किलोमीटर वेगाची दिशा सिंह आणि चषक या तारकासमूहांच्या सीमेजवळ, खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ७ अंश दक्षिणेला आहे. नाशिकचा अक्षांश २० अंश. ती दिशा क्षितिजावर उगवत असते तेव्हा संपूर्ण वेग शिळेच्या पातळीत येतो आणि २.४ पट्टे अपेक्षित असतात. ती मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर, येते तेव्हा ६३ अंश उंच असते, शिळेच्या पातळीत वेगाचा अर्ध्याहून कमी भाग उरतो आणि अपेक्षा ०.५ पट्ट्यावर येते. शिवाय पहिल्या वेळी परिणामाचा अक्ष जवळजवळ पूर्व-पश्चिम असेल, दुसऱ्या वेळी दक्षिणोत्तर. सध्या ही दिशा रात्री साडेदहाच्या सुमारास उगवते आणि महिन्याभरात तीच वेळ दोन तासांनी अलीकडे येईल. खोलीच्या भिंती घड्याळाच्या वेळेने तापतात आणि निवतात, तारे नाक्षत्र काळाने, म्हणजे रोज सुमारे चार मिनिटे अलीकडे, उगवतात. दोहोंची फारकत हीच आमची खरी कसोटी.

डेटन मिलर यांनी १९२५-२६ मध्ये माउंट विल्सनवर प्रचंड संख्येने निरीक्षणे घेतली आणि सेकंदाला सुमारे १० किलोमीटर वेगाचा परिणाम सापडल्याचे मांडले. ते अतिशय चिकाटीचे प्रयोगकर्ते होते. शँकलंड आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये त्यांच्या नोंदवह्या पुन्हा तपासल्या आणि तो परिणाम तापमानाच्या फरकांशी जोडला. आमच्या झाकणाचा आणि नाक्षत्र काळाच्या आग्रहाचा उगम तिथेच आहे.

एक बारकावा राहिला. डिसेंबरच्या मध्यास पृथ्वीचा कक्षेतील वेग या ३७० मध्ये जवळपास पूर्ण मिळवला जातो आणि जूनमध्ये वजा होतो. जानेवारीत बेरीज ३९० च्या वर जाते. तरी आम्ही गणितात ३७० च ठेवले आहे. त्यामुळे अपेक्षा थोडी कमी धरली जाते, जास्त नाही.

१९ जानेवारी, सकाळ

काल रात्री पावणेदहापासून पहाटे सव्वाचारपर्यंत बसलो. खोलीत दिवा नाही, पंखा नाही, माणसे भिंतीशी. शिळा फिरते आहे आणि लेसरचा तांबडा ठिपका सावकाश खोलीभर फिरतो आहे.

दहाच्या सुमारास, ती दिशा क्षितिजावर असताना, पडद्यावर दोन पट्टे सरकायला हवे होते. फेऱ्यात एकदाच येणारा चढउतार पट्ट्याच्या साधारण एकतृतीयांश इतका होता, आणि तो दर फेऱ्यात दाराच्या दिशेलाच येत होता. दोनदा येणारा भाग सर्व संचांत पट्ट्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी राहिला. पहाटे चारच्या सुमारासही तेवढाच. ज्याची पाचपट घट व्हायला हवी होती ते मुळात नव्हतेच.

दहाव्या हिश्श्यावरून वेगाची मर्यादा काढली तर ती सेकंदाला सुमारे ७५ किलोमीटर येते. त्यामुळे ३० किलोमीटर वेगाबद्दल आमच्या शिळेला काही म्हणता येत नाही. ते क्लीव्हलंडच्या दगडाने म्हणून ठेवले आहे. त्यांनी आरशांवरून प्रकाश पुन्हा पुन्हा परतवून भुजा ११ मीटर केली होती, ०.४ पट्टा अपेक्षित होता, आणि जे दिसले ते अपेक्षेच्या विसाव्या, बहुधा चाळिसाव्या, हिश्श्याहूनही कमी होते. ३७० बद्दल मात्र आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले.

२४ जानेवारी

विद्यार्थ्याची हरकत: “पण सर, भुजाच आखडत असेल तर?” फिट्झजेराल्ड यांनी १८८९ मध्ये आणि लोरेंट्झ यांनी १८९२ मध्ये हेच सुचवले होते: गतीच्या दिशेत प्रत्येक वस्तू नेमकी इतकी आखडते की दोन्ही भुजांना सारखा वेळ लागतो. आमची शिळाही आखडली असे म्हणून ईथर वाचवता येतो, आणि केवळ आमच्या निरीक्षणावरून ही हरकत खोडता येत नाही. पण मग एका भुजेची लांबी मुद्दाम वेगळी ठेवली आणि महिनोन्‌महिने वाट पाहिली, तर पृथ्वीचा वेग बदलेल तसे पट्टे सरकायला हवेत. केनेडी आणि थॉर्नडाइक यांनी १९३२ मध्ये ते केले. पट्टे सरकले नाहीत. तेव्हा लांबीबरोबर घड्याळेही मंदावतात असे मानावे लागते. लांबी आखडते, काळ मंदावतो, आणि दोन्ही नेमक्या अशा मापाने की ईथरमधील वेग कोणत्याही उपायाने कळू नये. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये हा सगळा पसारा एका बाजूला ठेवला आणि न कळणारा वेग सिद्धांतातच ठेवला नाही. मला स्वतःला हा निर्णय भौतिकीतील सर्वांत प्रामाणिक निर्णयांपैकी एक वाटतो: जे मोजण्याचा मार्गच नाही त्यावर सिद्धांताचा भार टाकायचा नाही.

६ फेब्रुवारी

प्रकाशाला गती मुळीच कळत नाही असा समज विद्यार्थ्यांच्या मनात बसू नये म्हणून आज फिरण्याचे प्रकरण घेतले. सान्याक यांनी १९१३ मध्ये फिरत्या चौथऱ्यावर प्रकाशाचे दोन किरण बंद वाटेने उलटसुलट फिरवले आणि पट्टे सरकले. मायकेलसन आणि गेल यांनी १९२५ मध्ये शिकागोजवळ क्लिअरिंग येथे ६१२ मीटर लांब आणि ३३९ मीटर रुंद आयताकार नळी टाकून, तिच्यातील हवा काढून, पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे मोजले: अपेक्षा ०.२३६ पट्टा, निरीक्षण ०.२३०. तीच नळी नाशिकला टाकली तर अक्षांश कमी असल्यामुळे ०.१२ पट्टाच मिळेल, हे विद्यार्थिनीने फळ्यावर करून दाखवले. आजच्या विमानांतील रिंग लेसर जायरो, म्हणजे विमानाचे वळणे मोजणारी उपकरणे, याच तत्त्वावर चालतात.

मग बंद खोलीत फिरणे कळते आणि सरळ जाणे कळत नाही, असे का? फिरणाऱ्या वाटेवर निघालेले दोन्ही किरण त्याच आरशाकडे परत येतात आणि तेवढ्यात तो आरसा एकाकडे सरकलेला व दुसऱ्यापासून दूर गेलेला असतो; दोन्ही किरणांची तुलना एकाच जागी होते, घड्याळे जुळवावी लागत नाहीत. सरळ गतीत उलट दिशांनी निघालेले दोन किरण परत वळवल्याशिवाय एका जागी आणता येत नाहीत, आणि परत वळवले की तो फरक उरत नाही.

१९ फेब्रुवारी

काल रात्री आठच्या सुमारास, म्हणजे ती दिशा आता ज्या वेळी उगवते त्या वेळी, पुन्हा निरीक्षणे घेतली. एकदा येणारा चढउतार दाराच्याच दिशेला होता, ताऱ्यांबरोबर सरकला नव्हता. दोनदा येणारा भाग पूर्वीसारखाच दहाव्या हिश्श्याच्या आत.

निघताना विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न नोंदवतो. आकाशातील प्रारण एका बाजूला ३.३६ मिलिकेल्विनने उष्ण दिसते, सरासरी तापमान २.७२५ केल्विन, गुणोत्तर ०.००१२३, आणि ते प्रकाशवेगाने गुणले की ३७० किलोमीटर मिळतात. “म्हणजे प्रकाशानेच हा वेग सांगितला ना?” होय, पण तो प्रकाश खोलीबाहेरून आला. उत्तुंग उडणाऱ्या विमानातून १९७७ मध्ये हा फरक स्पष्टपणे मोजला गेला तेव्हा जे सापडले ते आपले आणि त्या जुन्या प्रारणाचे परस्परसापेक्ष चालणे. ब्रॅडलीचा तारा आणि हे प्रारण एकाच वर्गातले आहेत. ती चौकट विश्वाचा इतिहास लिहायला अत्यंत सोयीची आहे. शिळेवरील पट्ट्यांना मात्र तिची काहीही खबर नाही, आणि आता फिरत्या प्रकाशीय पोकळ्यांच्या (समोरासमोरच्या आरशांमध्ये प्रकाश कोंडणाऱ्या उपकरणांच्या) साहाय्याने हीच गोष्ट १० च्या उणे १७ व्या घातापर्यंत तपासून झाली आहे.

पुढील टप्पा ठरला आहे: प्रत्येक भुजेत जास्तीचे आरसे बसवून वाट ११ मीटरपर्यंत न्यायची, म्हणजे ३० किलोमीटरसाठी अपेक्षा ०.३५ पट्ट्यापर्यंत जाईल. पृथ्वीच्या वाटचालीची दिशा मध्यरात्री पूर्व क्षितिजावर असते, तेव्हा निरीक्षणे मध्यरात्रीच्या दोन्ही बाजूंना घ्यावीत. झाकण दुहेरी करायचे आहे आणि दाराच्या बाजूला जाड पडदा लावायचा आहे. आरशांचे माप उद्या दोघेही घेणार आहेत.